एटकॉमचा तास म्हणजे फुकटचा तास?

२०१९ पासून एमबीबीएसला एटकॉम आलंय, म्हणजे अ‍ॅटिट्यूड, एथिक्स अन् कम्युनिकेशन, पण पोरांचं गणित साधं, लॉगबुकवर सही झाली की सुटलो. त्यातला रोल प्ले, म्हणजे पोरांनीच डॉक्टर-पेशंट बनून बोलायचं, तो तर निव्वळ गॅदरिंगचं नाटक वाटतो मला! त्यापेक्षा पोरांना केसपेपरच्या लाइनीत नातेवाइकासोबत उभं करा ना. नागपूरला गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट येतात, कोणी गोंडी बोलतं कोणी हिंदी, आणि त्यांना "पथ्य पाळा" सांगण्याआधी आज रात्री झोपणार कुठे, सोबत कोण आहे, रोजी किती बुडाली हे विचारलं तरच कळतं की गोळ्या मधेच का बंद होतात. याला वेगळा वेळही लागत नाही बाप्पा, बीपीचा पट्टा बांधता बांधता विचारता येतं.