चप्पल काढून गाडी का चालवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर इतकी वर्षं मी 'पायाला घाम येतो' म्हणून विषय संपवत आलोय.

सोलापुरात नवी पेठेत गाडी लावली की कुणीतरी येतंच. निघताना मी सीटवर बसतो, चप्पल काढतो, डावीकडे सारतो, मग किल्ली. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस गाडीला देव मानतो. एका पोराने तर वाकून आत बघत विचारलं, "काका, आत सिद्धेश्वरांचा फोटो आहे का?" नाही रे बाबा. आत फक्त फाटलेलं सीट कव्हर आहे. १९६७ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आमच्याकडे कशी आली ते गल्लीला पाठ आहे, ते सोडा.

खरं कारण ॲक्सिलरेटर. उघड्या पायाला कळतं की पाय उचलल्यावर पेडल सोबत वर आलं की मागे रेंगाळलं. चपलेच्या तळव्यातून ते कळत नाही. आणि अडकलंच, तर पायाची बोटं पेडलच्या खाली घालून ते वर ओढता येतं. चप्पल घालून हे करून बघा एकदा, उभ्या गाडीत. आमचे एक स्नेही म्हणतात, अनवाणी पाय ब्रेकवरून सटकतो. सटकत असेल. माझा नाही सटकला.

पण हे झालं तांत्रिक कारण. एवढंच असतं तर घाम-बिम सांगत बसलो नसतो.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात अण्णा जॉबर होते, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे. शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, रागावले की दोन्ही. मागांच्या रांगेत ते अनवाणीच फिरायचे. फरशीची थरथर पायाला लागायची आणि कुठल्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा, उशिरा सुटतोय ते सांगायचे. मी हे थट्टेवारी न्यायचो. गाडी मी शेडमध्येच ठेवायचो, मागांच्या पलीकडे, म्हणून दुपारच्या जेवणानंतर अण्णा बॉनेट उघडून उभे राहायला लागले. मोटार त्यांनी आयुष्यात दुरुस्त केली नव्हती. पण दांड्या, पिना, स्प्रिंगा त्यांना कळायच्या, आणि या गाडीचा थ्रॉटल (पेडल दाबलं की इंजिनाचा वेग वाढवणारी जुळणी) म्हणजे तेच सगळं. दोन एसयू कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारे, शेजारी शेजारी, मध्ये दोघांना जोडणारी दांडी, पेडलकडून येणारी एक केबल आणि पाय उचलल्यावर सगळं मिटवणाऱ्या स्प्रिंगा. खाली लगेच एक्झॉस्ट. इंजिन १७९८ सीसीचं, तापलं की एप्रिलात तिथे हात ठेववत नाही.

२०११च्या त्या एप्रिलात गाडी आळशी झाली होती. पाय उचलला तरी इंजिन लगेच उतरत नव्हतं, एक-दोन क्षण गुरगुरायचं. अण्णांनी मागाची एक स्प्रिंग कापून, टोकं वाकवून बसवली. म्हणाले, "मालक, हे तात्पुरतं. स्प्रिंग जोरात ओढती म्हणून अडकलेलं दिसत नाही, अडकलेलं आहेच." सुट्टीच्या दिवशी सगळं उतरवून बघू, म्हणाले. मला धीर नव्हता. केबल बारीक झाली असेल म्हणून मीच आदल्या संध्याकाळी नवी बसवली होती, स्कूटरच्या क्लचची तार घेऊन, पेडलकडे वळणावर जरा ओढून. वर सगळीकडे ग्रीस. भरपूर ग्रीस.

अण्णांना शेजारी बसवलं आणि सात रस्त्यावरून होटगी रोडला लागलो. निघताना ते म्हणाले, "चप्पल काढा मालक, पायाला कळतंय." मी हसलो.

आसरा चौकाच्या अलीकडे एक टेम्पो मागे टाकायला तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला. टेम्पो मागे पडला. पाय उचलला. गाडी तशीच.

एक आवाज असतो तो. इंजिन ओरडत असतं आणि आपण त्याला काही सांगितलेलं नसतं. मी ब्रेक दाबला, गाडी ब्रेकवर रेलून पुढेच जात राहिली. क्लच दाबला तर इंजिन असं किंचाळलं की घाबरून सोडला. समोर ऊस भरलेली ट्रॉली. माझा हात हँडब्रेककडे गेला, का ते आजही सांगता येणार नाही. किल्ली डॅशबोर्डवर, हाताच्या अंतरावर, आणि ती मला दिसतच नव्हती. अण्णा ओरडले, "किल्ली! मालक, किल्ली!" मी फिरवली. एकदम शांतता. गाडी डावीकडे मातीत उतरून ट्रॉलीच्या मागे चार-पाच हातांवर थांबली.

टपरीवरची माणसं चहाचे ग्लास घेऊन आली. आणि मी खाली उतरून, त्या सगळ्यांसमोर, अण्णांना म्हणालो, "काय बसवून ठेवलंस तू?"

ते माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठे. माझे वडील त्यांना अहो-जाहो करायचे. मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. ते काहीच बोलले नाहीत. खिडकीच्या काचेवर हात ठेवून उतरले, आपली पिशवी घेतली आणि उन्हातून चालत निघाले. कुणाला तरी विचारून रिक्षात बसले असतील. मी थांबवलं नाही. मला गाडी ओढून न्यायची होती.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. मी एकटाच बॉनेटखाली बसलो. एअर फिल्टर काढले, केबल सोडवली, मधल्या दांडीचा क्लॅम्प सैल केला आणि एकेक कार्बोरेटर बोटाने उघडून मिटवून बघितला. मागचा मोकळा. पुढचा मिटता मिटता किंचित घासत होता. आत बॅटरी मारली तर भोकाच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण. डिस्क, म्हणजे हवेची वाट उघडमीट करणारी चकती, मधोमध बसलेली नव्हती. दोन बारीक स्क्रू अर्धे सैल केले, डिस्क मिटवून तिला स्वतःची जागा घेऊ दिली, पुन्हा आवळले. काम पाच मिनिटांचं. आणि ती डिस्क अण्णांनी काढून साफ केली होती. म्हणजे सापडलं! मला किती बरं वाटलं ते लिहायला लाज वाटते.

मग केबल बाहेर ओढली. पेडलकडच्या टोकाला तीन तारा तुटलेल्या, आकड्यासारख्या वळून बाहेरच्या आवरणात रुतलेल्या. एकच दिवस जुनी केबल. ती मी बसवलेली.

तेव्हाचा मी म्हणायचा, दोष दोन्ही ठिकाणी होता. बरोबर. पण डिस्क घासली तर ती पूर्ण मिटायच्या वेळी अडते, इंजिन आयडलवर नीट येत नाही, बस. अर्ध्या उघड्या थ्रॉटलवर गाडी धरून ठेवायचं काम डिस्कचं नाही, तारेचं. हे मला रस्त्यावर कळत नव्हतं का? कळत होतं, असं मला कधीकधी वाटतं. आणि कधी वाटतं, भीतीत माणसाला काय कळतं, उगाच स्वतःला झोडपू नये.

शिवाय तिसरा संशयित आहेच. दांडीच्या टोकांना माझ्या ग्रीसमध्ये कारखान्यातली कापसाची रू बसून घट्ट वाती झाल्या होत्या. नखाने उकरून काढाव्या लागल्या. ग्रीस माझं, शेड माझी. पण त्या वातींनी गाडी अडकली असती तर ती थंडीत, सकाळी अडकायला हवी होती. त्या दिवशी नुसती आग होती. असो.

आता तिथे ग्रीस नाही, पातळ तेलाचे दोन थेंब. केबल योग्य मापाची, वळण सैल, एक्झॉस्टपासून लांब. मूळ हलक्या स्प्रिंगा. पेडल लोण्यासारखं चालतं. त्यानंतर एकदाही अडकलेलं नाही, त्यामुळे बोटांनी वर ओढायची वेळ कधी आलेलीच नाही, हेही कबूल करतो.

अण्णा दुसऱ्या कारखान्यात लागले. दोन महिन्यांनी मी त्यांच्या गल्लीत गेलो. ते बाहेर बाजेवर बसले होते. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "अण्णा, सात नंबरचा माग धोटा फेकतोय." त्यांनी सविस्तर सांगितलं काय करायचं ते. चहा दिला. गाडीचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. माग त्यांनी सांगितल्याप्रमाणे केल्यावर चालला. पुन्हा जायचं राहिलं, आणि नंतर जाण्यात अर्थ उरला नाही.

म्हणून चप्पल काढतो. पेडलखाली सरकू नये म्हणून ती डाव्या सीटपुढे ठेवतो. तुम्ही कधी बसलात तर पायाने जरा बाजूला करून घ्या.