मासळीच्या व्हॅनचा फ्लोअर, मिरगाच्या आत

राहण्याजोगी करायला जुनी व्हॅन घेतल्यापासून जो येतो तो विचारतो बेड कुठे करणार, किचन कुठे, सोलर किती वॉटचं. मी गेले पंधरा दिवस फक्त फ्लोअरवर आहे. एकदा प्लाय बसलं की हा पत्रा परत डोळ्याला दिसणार नाही, म्हणून इथे घाई करायची नाही असं ठरवलंय.

गाडी आधी मासळी वाहायची, शापोरा जेटीवरून म्हापशाला. मागे ॲल्युमिनियमची चेकर शीट रिव्हेट मारून बसवलेली, वरून बघाल तर धडधाकट. ती उचकटली तर खाली बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं, पत्र्याच्या खाचांमध्ये गंजाचे पापुद्रे, बोटाने उचलले की थरच्या थर सुटून येत होते. आणि रिव्हेटचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला आत शिरायची वाट.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत गेलो. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, गेलेला बद्द. बद्द वाजला तिथे खडूने खूण, मग टोकाने दाबून बघायचं. दोन ठिकाणी टोक सरळ आरपार गेलं.

पण वेल्डिंगच्या आधी पाणी येतं कुठून ते शोधायला हवं, नाहीतर नवा पॅचही सडणार. भाच्याला टॉर्च देऊन आत बसवलं, बाहेरून मी पाइपने पाणी मारलं, खालून वर हळूहळू. मागच्या लाइटचं गॅस्केट फाटलेलं होतं, तिथून पाणी आतल्या पत्र्याच्या मागून उतरत होतं. मला उगाच दाराच्या रबरावर संशय होता.

पॅच पेडण्याच्या एका वेल्डर काकांनी मारले. ते म्हणाले, "बाबा, भोकाएवढं नको कापू, चांगला पत्रा लागेपर्यंत काप. गंजक्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, भोक वाढतच जातं." १.२ मिमीचा पत्रा, कोपरे गोल केलेले, मिगने (तार आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग) एक टाका इथे एक तिथे, म्हणजे उष्णता एका जागी साठून पत्रा वाकत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, डिझेलची टाकी उतरवून बाजूला, खाली एक माणूस पाणी आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन बसलेला. यात काटकसर नको.

आता खरी गोष्ट, मिठाची. वायर ब्रश आणि फ्लॅप डिस्क मारून पत्रा चकचकीत केला, खूश होऊन झोपलो, सकाळी खड्ड्यांमध्ये परत नारिंगी. कारण मीठ त्या बारीक खड्ड्यांत बसलेलं असतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि क्लोराइडमुळे गंज जोरात धरतो. आमचं घर मोरजीला, समुद्र जवळ, हवाच खारी. मग गोड्या पाण्याने घासून धुवायचं, सुकवायचं, परत ब्रश, परत धुवायचं. असं चारदा केलं तेव्हा रात्र उलटूनही पत्रा स्वच्छ राहिला. खार न काढता वर रबरी अंडरकोटिंग मारून देणारे भरपूर आहेत, मला ते साफ चुकीचं वाटतं, आत ओलावा कोंडतो आणि गंज झाकणाखाली वाढत राहतो.

खड्ड्यांत राहिलेल्या काळपट गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रव) लावलं, पण त्यावर इपॉक्सी चालतो का ते डब्यावर वाचूनच घ्या. मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात. सकाळी पत्रा घामेजलेला असतो म्हणून अकराच्या आधी ब्रश उचललाच नाही. सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सिलर, वर पीयू पेंट. पाणी निचरायची मूळ भोकं मात्र बुजवायची नाहीत, ती टेप लावून झाकून ठेवली आणि शेवटी मोकळी केली. फ्लोअरखालच्या पोकळ बॉक्समध्ये, जिथे ब्रश पोचतच नाही आणि वेल्डिंगने आतला रंग जळलेला असतो, तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण.

मित्र म्हणतात आता प्लाय टाक. नाही टाकणार. एक पावसाळा फ्लोअर असाच उघडा ठेवणार, चवथीपर्यंत तरी. कोपऱ्याकोपऱ्यात जुने पेपर पसरलेत, मोठी सर येऊन गेली की दार उघडून कुठला पेपर ओला झालाय ते बघायचं. काल रात्री पहिली सर आली, मागच्या लाइटखालचा पेपर कोरडा होता, ड्रायव्हरच्या सीटमागचा एक थोडा ओलसर आहे.