हरोदच्या झऱ्यावर गुडघे टेकले

"पी बघू पाणी. प्यायचं नको, नुसतं तोंडाला लाव," मावशी म्हणाल्या आणि पिशवी हिरवळीवर ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मावशी इस्राएलमधल्या रामल्यात राहतात, घराणं रेवदंड्याचं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी आग्रह केला नसता तर मीही नाझरेथ आणि ताबोर डोंगर करून परत फिरले असते.

हरोदचा झरा म्हणजे गिलबोआ डोंगराच्या पायथ्याशी एक गुहा, तिच्यातून निघणारं पाणी, भोवती निलगिरी. कुठेतरी मांस भाजल्याचा वास येत होता, पोरांचा दंगा चालला होता. १२६० साली इजिप्तच्या मामलुकांनी मंगोलांना हरवलं ते ऐन जालूत म्हणजे हेच ठिकाण. पण मावशींना मंगोलांशी काही देणंघेणं नव्हतं.

त्यांना सांगायचा होता गिदोन. बायबलमधल्या शास्ते या ग्रंथात तो पहिल्यांदा दिसतो तो गहू झोडताना. तेही खळ्यात नाही, द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून. खळं म्हणजे उघड्यावरची, वाऱ्याची जागा. तिथे झोडायला लागला तर शत्रू, म्हणजे मिद्यानी टोळ्या, येऊन धान्य उचलून नेणार. अशा लपलेल्या माणसाला देवदूत हाक मारतो, 'पराक्रमी वीरा'! मला तर ही चक्क थट्टाच वाटते. गिदोनही म्हणतो, माझं कुळ मनश्शे वंशात सगळ्यात दुबळं आणि घरात मी सगळ्यात धाकटा.

तरी ३२,००० माणसं गोळा होतात. देव म्हणतो, फार झाली. जिंकलात तर आपल्याच हातांनी जिंकलो म्हणाल. भ्यायलेल्यांना घरी जा सांगितल्यावर २२,००० निघून गेले. (मी पहिल्याच रांगेत निघाले असते.) उरलेल्या १०,००० जणांना या पाण्यावर आणलं. गुडघे टेकून प्यायले ते परत, हाताने तोंडाशी पाणी नेऊन लपलप प्यायले ते राहिले. ३०० जण. ते सावध होते म्हणून निवडले, असं पुष्कळ जण सांगतात. मला नाही पटत. गोष्टीत गुणांबद्दल अवाक्षर नाही; आकडा कमी करायचा होता, तो झाला.

समोर दरीपलीकडे मोरे टेकडी. तिच्या पायथ्याच्या खोऱ्यात टोळधाडीसारखे पसरलेले मिद्यानी. मध्यरात्री पहारा बदलताना हे तीनशे जण छावणीभोवती पोचले. एका हातात शिंग, दुसऱ्या हातात रिकामं मडकं, मडक्यात मशाल. मडकी फुटली, शिंगं वाजली, आणि अंधारात शत्रूने आपल्याच माणसांवर तलवार चालवली.

मोरेच्या पलीकडे ताबोर. तिथली गोष्ट याच्या आधीची. दबोरा या संदेष्टीच्या सांगण्यावरून इस्राएलचा सेनानी बाराक तिथून उतरला, ९०० लोखंडी रथांचा शत्रूसेनापती सीसरा पायी पळाला आणि याएल नावाच्या बाईच्या तंबूत शिरला. त्याने पाणी मागितलं, तिने दूध दिलं, पांघरूण घातलं, आणि झोपल्यावर कानशिलात तंबूची मेख ठोकली. तंबू ठोकणं बायकांचंच काम असायचं म्हणतात, म्हणजे हातोडा हाताला सवयीचा!

"बोलत काय बसलीस?"

मी काठाशी गेले. दगड शेवाळलेला, तोल जाईल म्हणून दोन्ही गुडघे टेकले आणि ओंजळ भरली.

"गेलीस घरी," मावशी म्हणाल्या. "नऊ हजार सातशेंत."

"आणि तुम्ही?"

"माझे गुडघे वाकतात कुठे? मी तीनशेंत."