नत्रखत आणि जमिनीची आम्लता

नत्रखतामुळे जमीन आम्लधर्मी होते, हे विधान मला अर्धवट वाटते, कारण त्यात मधली रासायनिक साखळी गाळली जाते. युरियात 46 टक्के नत्र असते; तो मातीत पडला की युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते आणि दाण्याभोवतीचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) काही काळ उलट वाढतो. आम्लता येते ती पुढे, जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात तेव्हा, कारण त्या क्रियेत प्रत्येक अमोनियम आयनामागे (आयन म्हणजे विद्युतभारित कण) दोन हायड्रोजन आयन मोकळे होतात.

ते नायट्रेट मुळांनी शोषले, तर मुळे बदल्यात बायकार्बोनेटसारखे आयन सोडतात आणि आम्लतेचा बराच भाग भरून निघतो. परंतु चिकणमातीच्या कणांवर बहुधा ऋण भार असल्याने ऋणभारित नायट्रेट तेथे टिकत नाही; पाण्याबरोबर खाली झिरपताना ते कॅल्शियम व मॅग्नेशियमही सोबत नेते आणि त्यांच्या जागी हायड्रोजन बसतो. वाया गेलेले नत्रच जमीन अधिक बिघडवते, असे मी म्हणतो ते यामुळे.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात 1856 पासून कुरणावर चालू असलेल्या पार्क ग्रास या खत-प्रयोगात, चुना न घालता अमोनियम सल्फेट दिलेले वाफे तीव्र आम्लधर्मी झाले. सोडियम नायट्रेटच्या वाफ्यांत तसे घडले नाही, कारण त्यात अमोनियम नसते. चुन्याने सामू सुधारतो, नायट्रेटची गळती मात्र थांबत नाही. त्यासाठी खताचे हप्ते पिकाच्या वाढीशी जुळवावे लागतात.