तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकला बसून समुद्र कशाला?

नाशिकला समुद्र नाही, मग समुद्राच्या जुन्या पातळ्यांवर आयुष्य का घालवलेत, असे मला लग्नाच्या पंगतीतही विचारले जाते, आणि मी बहुधा चिडून उत्तर देतो.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता आणि अनेक नद्यांनी मुखाकडची पात्रे खोल कोरली होती. पुढे बर्फ वितळून पाणी चढले तशा त्या दऱ्या बुजल्या: तळाशी नदीची खडी आणि जाड वाळू, तिच्यावर खाडीचा काळा, कुजलेल्या पाल्याच्या वासाचा चिखल आणि सर्वांत वर शिंपल्यांचा समुद्री गाळ. बोअरमधून काढलेल्या नळकांड्यावरून बोट फिरवले तरी हा क्रम कळतो. खाली खरखर लागते, वर बोट चिकटते.

मात्र चिडण्याचे खरे कारण वेगळे आहे. वीस वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका व्याख्यानात मी गंगापूरजवळच्या काठातील गोट्यांच्या थराचे छायाचित्र दाखवले आणि समुद्र उतरला म्हणून गोदावरीने येथे पात्र खोदले व तो चढल्यावर ते भरले, असे ठासून सांगितले. मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले. (नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची उंची मोजतात.) "सर, गंगेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागते, तेव्हा त्र्यंबकला पाऊस झालेला असतो. आपला काठ आंध्राच्या समुद्राचे ऐकतो, हे कशावरून?" सभा हसली. मी पात्राच्या उतारावर काही अवघड शब्द फेकले आणि ते शांतपणे खाली बसले, हेच मला अधिक लागले. नदी 1,465 किलोमीटर लांब, नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंच, आणि वाटेत दख्खनचा कठीण बसाल्ट. मुखाशी सुरू झालेली झीज इथवर येत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्या थरात पावसाच्या बदलत्या जोराची नोंद आहे. मुखाचा नियम मी उगमाला लावला होता.

म्हणून विषयच फोल ठरत नाही. त्र्यंबकच्याच डोंगरातून निघालेली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्र गाठते आणि तिच्या खाडीत समुद्राचा हुकूम चालतो. मुंबईत 1870च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीच्या पातळीखाली, मातीत मुळे रोवलेल्या झाडांचे बुंधे सापडले होते. समुद्र चढला, असे मी त्या व्याख्यानाच्या काळात बेधडक लिहून टाकले असते; आज जमीन खचली असेल का, हेही विचारतो, कारण दोन्हींत वर बसणारा चिखल सारखाच असतो.