ऐनवेळचे विषय

ग्रामसभेच्या नोटिशीत अगदी तळाला एक ओळ असायची : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, जमाखर्च, आराखडा, घरकुलाच्या याद्या हे सगळं उरकलं की मग तिची पाळी. तोवर दुपारचा एक वाजलेला असे, मागच्या रांगा उठून गेलेल्या असत आणि ग्रामसेवक भाऊसाहेब प्रोसिडिंगच्या वहीत मान घालून लिहीत असत. मी मात्र सकाळच्या झेंड्यापासून त्या ओळीची वाट बघत असे. माझ्या लक्षात राहिलेली सगळी भाषणं त्या ओळीखालची आहेत.

आमचं गाव पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या अंगाला, खडकवासल्याच्या खालच्या बाजूला. ३० जून २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यांतलं एक. मी इथे सून म्हणून आले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. पुढे तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि गावात गावापेक्षा मोठी वस्ती बाहेरून आली. मी अंगणवाडी सेविका होते. अंगणवाडीची खोली आणि ग्रामपंचायतीचं ऑफिस यांच्यात एकच भिंत, त्यामुळे ग्रामसभेची हजेरीवही माझ्या हातात कधी आली ते कळलंच नाही. पुढे ग्रामस्थ मंडळाची चिटणीसही झाले. त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते आपल्या माणसांच्या मायेनं लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

वर्षाच्या सगळ्या सभांत २६ जानेवारीची सभा गावाची लाडकी. १ मेच्या सभेला ऊन, १५ ऑगस्टला पाऊस. जानेवारीत मात्र पटांगणात बसायला बरं वाटायचं. सकाळी प्रभातफेरी, ऑफिससमोर झेंडावंदन, पोरांचं लेझीम, बक्षिसं, पाहुण्यांचे सत्कार, पाहुण्यांची भाषणं. हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही व्हायचं. एक सांगते, लेझमाचा खळखळाट थांबला की क्षणभर जी शांतता पडते, तिच्यात झेंड्याच्या दोरीचा आवाज ऐकू यायचा. एवढं सोडलं तर थेट सभेकडे वळते.

सभेची नोटीस सात दिवस आधी फळ्यावर लागायची आणि दवंडी पिटली जायची. आधी हलगीवर, नंतर रिक्षाला कर्णा बांधून. गणपूर्तीचा नियम असा की मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी तो भरला पाहिजे. आमच्याकडे १०० चा हिशोब. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे लोक आले नाहीत तरी गावाचे निर्णय होतातच, ते न आलेल्यांना विचारून होत नाहीत एवढंच. हे मी वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन सांगितलं. ८०-८५ सह्यांवर वही अडली की मी चप्पल पायात घालून आळीत जायची. पिठाच्या गिरणीपाशी उभ्या असलेल्या बायकांना दळण तिथेच ठेवायला लावून घेऊन यायची. शंभरावी सही पडली की शिपाईनाना माझ्याकडे बघून मान हलवायचे. त्यांच्याइतका तो आकडा गावात दुसऱ्या कुणी मनावर घेतला नसेल.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. नियमानं ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती आदल्या दिवशी अंगणवाडीत भरायची, आणि तिथे काय बोलायच्या एकेकजणी! पाणी किती वाजता सुटतं, किती वेळात जातं, कुठल्या खांबावरचा दिवा किती दिवस बंद आहे, सगळं तोंडपाठ. 'धरण उशाला, कोरड घशाला' हे आमच्या बायकांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य, आणि ते म्हणताना कुणी हसत नसे. दुसऱ्या दिवशी पटांगणात मात्र त्याच बायका पदर सावरून गप्प. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली तेव्हा पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, २०११ मध्ये आपल्या राज्यात निम्म्या झाल्या. पण खुर्ची मिळणं आणि तोंडातून शब्द फुटणं यांत बरंच अंतर असतं, ते मी जवळून पाहिलं.

आमच्या एक सदस्या होत्या, वरच्या आळीतल्या. वाचायला जेमतेम यायचं. सार्वजनिक नळाच्या जागेचा ठराव त्यांना मांडायचा होता. आठवडाभर संध्याकाळी त्या अंगणवाडीत यायच्या, मी वाचायची, त्या ऐकायच्या. ऐकून ऐकून सगळा ठराव पाठ केला. सभेत उभ्या राहिल्या तेव्हा कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि नजर समोर. एक अक्षर चुकलं नाही. 'सदर ठिकाणी' म्हणताना त्यांचा आवाज चढला, कारण ते सदर ठिकाण त्यांच्या घरापासून दहा पावलांवर होतं आणि तिथपर्यंत पाणी आणायला त्यांना एकोणीस वर्षं लागली होती. सभा संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पाय अजून थरथरतायत." मी त्यांचा हात धरून बसले. बोलायला मलाही सुचलं नाही.

आणि आप्पा.

आप्पा आता नाहीत. दर २६ जानेवारीला ऐनवेळचे विषय पुकारले की ते उठायचे, टोपी सारखी करायचे, माईक पुढे केला की हातानंच नको म्हणायचे. सुरुवात ठरलेली. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, त्या दिवशी आप्पा शाळकरी पोर होते. घरच्यांनी त्यांना टेकडावर नेलं, आणि तिथून त्यांनी मुठेला पाहिलं. नदी कुठे आणि रान कुठे हे कळत नव्हतं, असं म्हणायचे. खाली पुण्यात पेठांत पाणी शिरलं हे नंतर कळलं. एवढं सांगून झालं की ते आमच्या ओढ्यावर यायचे, आणि त्याची वाट सांगायला लागायचे. डोंगराच्या कुशीतून निघतो, जांभळीखालून वळतो, चिंचेच्या मळ्याला डावी घालतो, खालच्या पाणंदीला आडवा जातो, कातळावर पसरतो, बायांच्या धुण्याच्या दगडांपाशी थांबतो, मोरीखालून निघतो आणि नदीला मिळतो. कुठेही अडखळणं नाही. जात्यावरच्या ओव्या याव्यात तसं एकामागून एक यायचं. शेवटी एकच मागणं : "पाणी आपली वाट विसरत नाही. तुम्ही ती बुजवू नका."

पुष्कळांना ते कंटाळवाणं वाटायचं. "आप्पा, झालं का?" असं मागून कुणीतरी म्हणायचंच, आणि म्हणणाऱ्यांवर माझा अजून राग आहे. कारण त्यांनी कधी नीट ऐकलंच नाही. दर वर्षी त्या वाटेतलं एखादं ठिकाण बदलायचं. एका वर्षी जांभळीखालून 'वळतो' चं 'वळायचा' झालं. पुढच्या वर्षी मळा गेला. मग कातळ. आप्पा काही तक्रार करत नसत, कुणा बिल्डरचं नाव घेत नसत. फक्त क्रियापद बदलायचं. माझ्या घशात आवंढा यायचा तो तिथे. गावात काय चाललंय ते मला सातबारापेक्षा आप्पांच्या क्रियापदांवरून जास्त कळलं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसं गेली. आमच्या गावात त्या रात्री पायऱ्यांपर्यंत पाणी येऊन ओसरलं, पण झोप कुणाला नव्हती. त्यानंतरची २६ जानेवारी, म्हणजे २०२० ची, रविवारी आली होती. त्या दिवशी सह्या शंभराच्या पुष्कळ पुढे गेल्या. ऐनवेळचे विषय आले तेव्हा एकही रांग उठलेली नव्हती. आप्पा बसूनच होते. सरपंच म्हणाले, "आप्पा, तुम्ही बोला." ते उठले, आणि त्या वर्षी ना पानशेत सांगितलं ना सप्टेंबर. फक्त ओढ्याची वाट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पटांगणात पोरं होती, तीही गप्प होती. मी हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर ती वाट जशीच्या तशी उतरवून घेतली. ओढ्याची मोजणी करून हद्द कायम करावी आणि पात्रात भराव टाकू देऊ नये, असा ठराव झाला. सूचक म्हणून आप्पांची सही. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच सूचक झाले. अनुमोदक झाले नव्या सोसायटीतले एक गृहस्थ, ज्यांच्या इमारतीच्या तळघरात त्या रात्री पाणी साचलं होतं.

ती आमची शेवटची २६ जानेवारीची ग्रामसभा ठरली, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पुढे करोना आला, सभा थांबल्या, आणि २०२१ च्या जूनअखेर गाव शहरात गेलं. ऑफिसवरची पाटी उतरवली त्या दिवशी शिपाईनाना नव्या कपड्यांत आले होते. प्रोसिडिंगच्या वह्या, घरपट्टीच्या नमुना ८ च्या नोंदवह्या, सगळं गाठोड्यांत बांधून टेंपोत चढलं. त्याच पावसाळ्यात आप्पा गेले.

मंडळानं ठरवलं की २६ जानेवारीला जमायचंच. आता आमच्या ठरावाला कायद्याचं बळ नाही, तरी सूचक-अनुमोदक लिहितो, अर्ज करून पाठवतो आणि पोच घेऊन फायलीला लावतो. विषयपत्रिकाही तशीच ठेवली, शेवटच्या ओळीसकट. २०२२ ला तोंडाला मास्क लावून थोडीच माणसं आली. २०२३ चा मेळावा मात्र मनात घर करून आहे. त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. ते कात्रण आमच्या बचतगटाच्या अध्यक्षांनी जपून ठेवलं होतं. मेळाव्यात त्यांनी ते वाचलं आणि हळदीकुंकवाचं पहिलं बोट पंचायतीचं आवार आयुष्यभर झाडलेल्या मावशींच्या कपाळाला लावलं. मावशींनी आधी हात मध्ये धरला होता. मग खाली घेतला. नंतर ऐनवेळच्या विषयात मावशी स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवारातल्या नळाला तोटी बसवा, पाणी वाया जातं." तेवढंच. तोटी दुसऱ्या दिवशी बसली.

गेल्या मेळाव्यात ओढ्याची वाट सोसायटीतल्या एका शाळकरी मुलीनं वाचली. तिच्या घरची भाषा मराठी नाही. 'पाणंद' शब्दाशी थांबली आणि माईकवरच विचारलं, "पाणंद म्हणजे काय?" पहिल्या रांगेतली तीन म्हातारी माणसं एकदम बोलायला लागली. एक म्हणे दोन शेतांमधली बैलगाडीची वाट, दुसरे म्हणे दोन्हीकडे बांध हवेत तरच पाणंद, तिसरे उठून ती कुठे होती ते हातानं दाखवायला लागले. त्या हाताच्या रेषेत आता पार्किंगचं फाटक आहे. मुलीनं तिकडे वळून पाहिलं, आणि मग पुढचं वाचलं.

तिच्यासारखी मुलं येतात म्हणून बरं वाटतं, पण मनातलं लपवत नाही. ज्यांच्या दारात आठवड्याला टँकर येतात त्या मोठ्या सोसायट्यांमधून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात. सुट्टीचा दिवस, सगळे घरात असतात, गॅलरीतून बघत असतात. आणि आपल्या गावठाणातले जे तरुण मिरवणुकीला रात्रभर नाचतात, त्यांना दोन तास सतरंजीवर बसवत नाही, हे जास्त लागतं. वह्या माझ्याकडे आहेत. कोण कुठल्या वर्षी आलं नाही हे मला पानावर बोट ठेवून सांगता येतं. त्यातली काही नावं माझ्या अंगणवाडीत शिकलेली आहेत. यंदा या, एवढंच म्हणते.

आता ज्यांच्या जिवावर हे चालतं त्यांचं. नावं लिहीत नाही, कारण एखादं राहिलं तर जिव्हारी लागतं. ज्याचं काम तो स्वतःला ओळखेल. आवार आदल्या रात्री पाणी मारून बसवणारे पाणीपुरवठ्याचे आमचे जुने वॉल्व्हमन. निवृत्तीनंतरही पहाटे झेंड्याची दोरी तपासायला येणारे शिपाईनाना. मंडप भाड्यानं न देता तसाच उभारून देणारे दोघे भाऊ. कर्णे आणि माईक सांभाळणारा त्यांचा भाचा, ज्यानं २०२३ ला वीज गेल्यावर पळत जाऊन जनरेटर आणला. तो जनरेटर देणारे गॅरेजवाले. जिलेबी तळणारे काका आणि परात धरून उभी राहणारी त्यांची सून. रांगोळी काढणाऱ्या बचतगटाच्या सगळ्याजणी. लेझीम शिकवणारे गुरुजी, जे बदली होऊन गेले तरी दोन दिवस येऊन पोरांचा सराव घेतात. हिशोब पै-पैचा लिहिणारे खजिनदार. अर्ज टाइप करून देणारा सोसायटीतला मुलगा. पोच आणायला क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालणारे निवृत्त एसटी कंडक्टर मामा. म्हाताऱ्यांना घरून गाडीवर आणून परत सोडणारा दूधवाला. मागच्या रांगेत बसून पोरं सांभाळणाऱ्या माझ्या जागी आलेल्या सेविका आणि मदतनीस ताई. आणि आप्पांची सून, जी दर वर्षी सकाळी आप्पांची टोपी खुंटीवरून काढून धुते आणि तिथेच परत अडकवते, आणि मग सभेला येते.

एवढं लिहून झाल्यावर आठवलं, सतरंज्या राहिल्या. त्या भजनी मंडळाच्या असतात. सगळे जेवायला गेले की वरच्या आळीतली दोन मुलं त्या झटकतात, उन्हात टाकतात, घड्या घालतात आणि डोक्यावरून देवळात नेऊन ठेवतात. त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.