शटर अर्ध्यावर

गणपतीच्या आधीचा शनिवार. गोखले रोडवरच्या आमच्या कपड्यांच्या दुकानात मीटरच्या खोलीतून धूर आला. मालकांनी मेन स्विच पाडला, महावितरणला फोन केला आणि दुकान बंद.

बाहेर उभं राहून गिऱ्हाइकांना सांगायचं काम माझ्याकडे. "आज बंद आहे" एवढ्यावर कुणीही चिडेलच. कारण आणि पुढचं काय, हे दोन्ही सांगावं लागतं. बदलून घ्यायची मुदत त्याच दिवशी संपणाऱ्यांच्या बिलावर मी मालकांना विचारून हाताने वाढीव तारीख लिहिली, सही केली, शिक्का मारला. कॉम्प्युटर बंद असला तरी शिक्का चालतो.

बदलापूरहून लोकलने आलेल्या एक काकू ऑल्टरला दिलेला ब्लाउज न्यायला आल्या होत्या. आत अंधार, वर जळका वास. कुणाला आत सोडायचं नव्हतं. आमच्या टेलरदादांनी मागच्या दाराने मोबाइलच्या उजेडात गठ्ठा बाहेर आणला आणि ब्लाउज शोधून दिला. एक गृहस्थ मात्र माझ्यावर ओरडून गेले. वाईट वाटलं. काउंटरवरच्या मुलीच्या हातात वायरिंग नसतं हो.

त्या दिवसाचा पगार कापणार नाही, हे मालकांनी संध्याकाळी आपणहून सांगितलं. सगळ्याच दुकानांत असं होत नाही, आणि व्हायला हवं.